धान्य भरताय ना? मग आधी त्या गोळीचं बोलूया

(प्रभाग संघाच्या एप्रिल महिन्याच्या सभेत केलेलं हे बोलणं. त्या दिवशी लग्नाची तिथी दाट होती, त्यामुळे निम्म्या समूहांच्या ताया येऊ शकल्या नाहीत. त्यांच्यासाठी इथे लिहून देत आहे.)



आजच्या विषयपत्रिकेवर कर्जफेड आहे, बँक जोडणी आहे, दप्तर तपासणी आहे. ते सगळं होईलच. पण अध्यक्षताईंकडून मी आधी वीस मिनिटं मागून घेतली आहेत. कारण हा महिना धान्य भरायचा आहे. ज्वारी घरात आली, गहू आला, तूर-हरभरा आला. ज्यांचं शेत नाही त्यांनीही मजुरीचे पैसे जमवून वर्षाचा गहू घेतलाय. काही जणींनी तर त्यासाठी समूहातून कर्ज उचललंय. म्हणजे तुमच्या कोठीत नुसता गहू नाही, त्यात तुमचा हप्ता पण आहे. त्याला सोंडा लागला तर हप्ताही पोखरला जातो.

गेल्या महिन्यात मी गावोगाव फिरले, तेव्हा प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला, "धान्यात काय टाकता?" कुणी म्हणालं लिंबाचा पाला, कुणी राख, कुणी एरंडेल. पण बऱ्याच ठिकाणी उत्तर आलं, "गोळी टाकतो." एका काकूंनी तर कप्प्यातून चिंधीची पुरचुंडी काढून माझ्या हातावरच ठेवली. "ही बघ पोरी, एकदा टाकली की वर्षभर चिंता नाही." माझा हात थरथरला. काकूंना वाटलं, शहरात शिकलेली पोर घाबरट आहे. का थरथरला ते सांगते.

मी नववीत होते. आमचं घर दीड खोलीचं. पुढच्या खोलीत पत्र्याची कोठी, त्यात वर्षाचा गहू. आम्ही सगळे त्याच खोलीत झोपायचो, पण उन्हाळाभर अंगणात बाजा टाकलेल्या असायच्या. मृग लागायच्या आधी आभाळ भरून आलं. बाबांनी दुकानातून सुट्ट्या गोळ्या आणल्या, दुपारी चिंधीत बांधून गव्हात खोचल्या, झाकण लावलं. त्याच रात्री पहिला पाऊस आला. बाजा भिजल्या. आम्ही सगळे आत आलो, दार लावलं, खिडकीला पोतं लावलं. माझा धाकटा भाऊ कोठीला पाय लावून झोपला.

रात्री एकच्या सुमाराला तो उठला. मळमळतंय म्हणाला. मग उलटी. थोड्या वेळाने माझंही डोकं ठणकायला लागलं, छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. आईला वाटलं, दुपारी लग्नात जेवलो तेच बाधलं. तिनं लिंबू-पाणी दिलं, पोटाला हिंग लावला, आणि पाऊस येतोय म्हणून दार परत लावून घेतलं. पहाटे भावाचे हातपाय गार पडले, श्वास भरभर चालायला लागला. तेव्हा शेजाऱ्यांच्या जीपमधून तालुक्याला नेलं.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पोट तपासलं, नाडी बघितली आणि एकच प्रश्न विचारला, "घरात धान्यात काही टाकलंय का?" बाबा क्षणभर गप्प राहिले. मग हो म्हणाले. त्या एका प्रश्नामुळे माझा भाऊ वाचला असं मी आजही मानते. तो चार दिवस अतिदक्षता विभागात होता. आज तो एकवीस वर्षांचा आहे, आयटीआय करून नोकरीला लागलाय. पण आमच्या घरात पहिला पाऊस आला की बाबा अजूनही आधी दार उघडतात.

बाबांना मी दोष देत नाही. त्यांनी आमच्या पोटाचंच बघितलं होतं. दुकानात कुणी सांगितलं नाही, पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. पण आता मला माहीत आहे आणि आज तुम्हालाही माहीत होणार आहे. यापुढे "आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं" असं आपल्या संघातल्या एकाही घराने म्हणायची वेळ येऊ नये.

ही गोळी नेमकं काय करते?

तिचं नाव अॅल्युमिनियम फॉस्फाइड. आपल्याकडे सेल्फॉस, गव्हाची गोळी, धान्याची गोळी अशा नावांनी ओळखतात. ही गोळी स्वतः किडे मारत नाही. हवेतला आणि धान्यातला ओलावा तिला लागला की तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. तो वायू किडे मारतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण 1 ग्रॅम वायू निघतो. ऐकायला कमी वाटतं, पण बंद खोलीत लहान लेकराला तो पुरेसा आहे.

वायूला किडा आणि माणूस यातला फरक कळत नाही. कोठीचं झाकण आपल्याला घट्ट वाटतं, पण आपल्या कोठ्या काही वायू धरून ठेवणाऱ्या नसतात. फटीतून तो बाहेर येतो, खोलीत पसरतो. मधली भिंत वरपर्यंत नसेल, पत्र्याखाली फट असेल, तर शेजारच्या खोलीतही जातो. म्हणून "आम्ही तर पलीकडे झोपतो" या बोलण्यात अर्थ नाही. आणि पावसाळी हवेत ओलावा जास्त, दारं-खिडक्या बंद. म्हणजे वायू जास्त आणि जायला वाट नाही.

काही जणी म्हणतील, "वास आला तर कळेलच की." लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास कधी कधी येतो. पण वास आला नाही म्हणजे वायू नाही, असं समजू नका. आणि झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईल यावर तर अजिबात विसंबू नका.

दुसरी गोष्ट. या विषाला उतारा नाही. सापाच्या विषावर जशी लस आहे तसं यावर काही नाही. डॉक्टर फक्त श्वास, नाडी, रक्तदाब सांभाळत राहतात. म्हणूनच सरकारने या गोळीवर निर्बंध घातलेले आहेत. ती सरकारी गोदामांसाठी आणि प्रशिक्षण घेतलेल्या परवानाधारक लोकांसाठी आहे. गोदामात ते ताडपत्री लावून सगळं बंद करतात, माणसांना दूर ठेवतात, मग मोकळी हवा खेळवतात. आपल्या स्वयंपाकघरासाठी ती कधीच नव्हती. दुकानात सुट्टी मिळते म्हणजे ती घरात चालते असं नाही.

तिसरी गोष्ट जरा जड आहे, पण आपण बायका आहोत, आपल्यात बोलायलाच हवी. घर म्हटलं की भांडण आलं, कर्ज आलं, मनस्ताप आला. माणसाच्या मनात एखादा काळा क्षण येतो. ज्या घरात विष हाताशी नसतं, तिथे तो क्षण येतो आणि निघूनही जातो. म्हणून किडे मरोत न मरोत, हे विष घरात नकोच. आणि कुणाचं मन फार खचलं असेल तर 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो. पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात. समूहाच्या बैठकीत हा नंबर सगळ्यांना लिहून द्या.

आत्ता घरात गोळी असेल तर?

सभेत हे बोलले तेव्हा दोन-तीन जणींचे चेहरे उतरले. एकीने हळूच विचारलं, "मॅडम, परवाच टाकलीय हो." लाजायचं काही कारण नाही. आमच्या घरातही टाकली होतीच की. आता काय करायचं ते ऐका.

धान्यात टाकून काहीच दिवस झाले असतील तर आज रात्रीपासून त्या घरात कुणी झोपायचं नाही. लेकरं, म्हातारी माणसं, गरोदर सून, सगळ्यांना दुसरीकडे न्या. बाहेरून हात घालून दारं-खिडक्या उघडता येत असतील तर उघडा, पण आत रेंगाळू नका. कोठीत डोकं घालून गोळी शोधत बसू नका. आणि आपल्या गावच्या कृषी सहायकांना फोन करून विचारा.

न वापरलेली गोळी असेल तर ती उघडू नका, भिजू देऊ नका, चुलीत टाकू नका, विहिरीत, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. पाणी लागलं की वायू वाढतो, पेटही घेऊ शकतो. माणसं राहतात त्या खोल्यांच्या बाहेर, कोरड्या जागी, कुलपात ठेवा आणि कृषी सहायकांना विचारूनच तिची विल्हेवाट लावा.

घरात एकाच वेळी दोघा-तिघांना मळमळ, उलट्या, डोकेदुखी, चक्कर, छातीत जडपणा, दम लागणं असं सुरू झालं आणि घरात गोळी टाकलेली असेल, तर "जेवण बाधलं" म्हणून सकाळची वाट बघू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा. 108 ला फोन करा. घरगुती उपाय करत बसू नका, मुद्दाम उलटी काढायला लावू नका. पुडी किंवा डबी असेल तर तिचा फोटो काढून न्या. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपण होऊन सांगा, "घरात धान्यात गोळी टाकली आहे." हे एक वाक्य घरातल्या मुलांनाही पाठ करून ठेवा.

आणखी तीन वस्तू, ज्या खायच्या धान्यात नकोत

एक, पारद टिकड्या. पारद म्हणजे पारा. दुकानदार म्हणतो आयुर्वेदिक आहे, पण पारा तो पाराच, पोटात जायची वस्तू नाही. टिकडी फुटली, तुकडा दळणात गेला तर कुणाला कळणार?

दोन, तांदळाला चोळायची बोरिक पावडर. धुतल्यावर जाते म्हणतात, पण सगळी गेली की नाही हे कसं बघणार? लहान मुलांच्या बाबतीत असा अंदाज नकोच.

तीन, शेतात मारायची कुठलीही पावडर. आणि बियाण्याची उरलेली पिशवी. ज्या बियाण्याला गुलाबी-लाल रंग असतो त्याला औषध लावलेलं असतं. ते धुऊन, दळून खायचं नाही, कोंबड्यांनाही टाकायचं नाही.

मग किडे कसे थांबवायचे?

आता तुम्ही म्हणाल, नको-नको खूप झालं, करायचं काय ते सांग. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मला प्रकल्प अहवाल लिहायला शिकवलं, पण ज्वारीचा दाणा वाळला की नाही हे ओळखायला मात्र आपल्याच एका गावातल्या आजींनी शिकवलं. त्यांचं आणि कृषी विज्ञानाचं म्हणणं शेवटी एकच आहे. किड्याला ओलावा, ऊब, हवा आणि फुटका दाणा लागतो. या चार गोष्टी तोडल्या की किडा हरतो.

पहिलं, दाणा वाळवा. हे निम्मं काम आहे. दाणा दाताखाली धरा. कट् असा आवाज येऊन दोन तुकडे झाले तर वाळला. दबला, चिकटला तर अजून ऊन हवं. आणखी एक परीक्षा आहे. काचेची कोरडी बाटली घ्या, त्यात मूठभर दाणे आणि दोन चमचे कोरडं मीठ टाका, झाकण लावून जोरात हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं आहे, भरू नका. मीठ तळाला मोकळं पडलं तर पुढे जा. मिठाला पाणी सुटलेलं नको, आधी तव्यावर कोरडं करून गार करून घ्या.

वाळवताना पातळ पसरा, दोन-तीन तासांनी हात फिरवा. शक्य असेल तर खाली काळं प्लास्टिक टाका, दाणा चांगला तापतो. एक चूक आपण सगळ्याच करतो. कोठीच्या दाराशीच धान्य पसरतो. ऊन लागलं की सोंडे चालत निघतात आणि भिंतीवरून परत घरात जातात. म्हणून धान्य घरापासून लांब वाळवा. वाळल्यावर गरम-गरम भरू नका. सावलीत गार होऊ द्या, नाहीतर आत घाम धरतो आणि बुरशी येते. पण रात्रभर उघड्यावरही ठेवू नका.

दुसरं, चाळा आणि निवडा. फुटके दाणे, पीठ, काडी-कचरा यावर लाल भुंगेरे जगतात. अख्खा दाणा त्यांना फोडता येत नाही. सोंडा मात्र अख्ख्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो, म्हणून त्याची अळी बाहेरून दिसत नाही. तुम्ही म्हणता, "भरला तेव्हा एकही किडा नव्हता, मग आला कुठून?" तो दाण्याच्या आतच होता.

तिसरं, कोठी साफ करा. मागच्या वर्षीचे तळाचे दाणे, कोपऱ्यातलं पीठ, पोत्याच्या शिवणी हे किड्यांचं माहेर आहे. कोठी रिकामी करून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. जुनी पोती उलटी करून झटका, उकळत्या पाण्यातून काढा, खडखडीत वाळवा. जुन्या धान्यावर नवं धान्य कधीच ओतू नका. रेशनचा तांदूळही वेगळा ठेवा, त्यात किडा असेल तर तो सगळ्या घराला वाटतो.

चौथं, जागा. पोतं जमिनीवर आणि भिंतीला टेकून नको. खाली विटांवर फळ्या टाका, भिंतीपासून हातभर अंतर ठेवा. मग झाडता येतं, ओल चढत नाही, उंदराचं बीळ दिसतं. उंदीर आला की त्याच्यामागे पावसाळ्यात सापही येतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

डाळींचं वेगळं आहे

तूर, हरभरा, मूग, चवळी यांचा भुंगा शेतापासूनच पाठलाग करतो. शेंगेवर किंवा दाण्यावर पांढरा ठिपका दिसतो ना, टाचणीच्या टोकाएवढा, ते त्याचं अंडं. एक मादी शंभरच्या आसपास अंडी घालते आणि उबदार दिवसांत महिनाभरात नवी पिढी तयार होते. आता हिशेब तुम्हीच करा. जूनमध्ये पाच भुंगे दिसले आणि आपण "असू दे" म्हटलं, तर पोळ्यापर्यंत तूर पोकळ.

उपाय सोपा आहे. एक किलो वाळलेल्या कडधान्याला साधारण एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली, खाण्याचं तेल चोळायचं. शेंगदाण्याचं, करडईचं, जे घरात असेल ते. प्रत्येक दाणा नुसता चकाकला पाहिजे, ओला नाही. तेलामुळे अंडी जगत नाहीत आणि मादीला अंडी चिकटवताही येत नाहीत. गव्हाला एरंडेल लावायची रीत आपल्याकडे आहेच, तीही अशीच हलक्या हाताने.

ज्यांना तेल परवडत नाही त्यांनी माठात किंवा डब्यात कडधान्य भरून वर कापड टाकावं आणि त्यावर तीन इंच कोरडी, चाळलेली, कडक उन्हात तापवून गार केलेली वाळू पसरावी. भुंग्याला वाळूतून जाता-येता येत नाही. गोवरीची चाळलेली राखही चालते, फक्त ती पूर्ण विझलेली आणि कोरडी हवी. बियाण्यासाठी राख फारच चांगली. आणि जमेल तिने अख्खी तूर वर्षभर ठेवण्यापेक्षा उन्हाळ्यातच डाळ करून घ्यावी. भुंग्याला अख्खा दाणा लागतो, डाळ जास्त टिकते.

लिंबाच्या पाल्याबद्दल खरं सांगते. पाला सावलीत वाळवून थरांमध्ये घातला तर नवा किडा यायला कचरतो. पण दाण्याच्या आतली अळी पाल्याने मरत नाही. म्हणून ओल्या धान्यात हिरवा पाला कोंबून "टाकला एकदाचा" म्हणू नका. उलट त्याच्या ओलीने बुरशी येते. आणि बुरशी आलेला भुईमूग किंवा मका, मग तो धुतला, भाजला तरी, खायचा नाही आणि गाई-म्हशीलाही घालायचा नाही. बुरशीचं विष भाजून जात नाही.

पेवाची आठवण

आमच्या बैठकीत एका आजींनी पेवाची गोष्ट काढली. जमिनीत खोल खड्डा, आतून गवत-कडब्याचं अस्तर, वर मातीने लिंपलेलं तोंड. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत, 2005 च्या महापुरात त्यातली बरीच खराब झाली. आजी म्हणाल्या, "पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझंल."

या एका वाक्यात सगळं विज्ञान आहे. बंद पेवात धान्य आणि किडे श्वास घेऊन आतली हवा संपवतात. हवा संपली की किडे मरतात. गोळी नाही, पावडर नाही. आता बाजारात हवाबंद पिशव्या मिळतात, आत जाड प्लास्टिकचा थर आणि बाहेर साधं पोतं. त्या म्हणजे आपलं पेवच. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा ड्रमही चालतो. अटी तीन. धान्य खडखडीत वाळलेलं हवं. ड्रम काठोकाठ भरायचा, म्हणजे आत हवा कमी राहते. आणि निदान दीड-दोन महिने उघडायचा नाही. म्हणून रोजच्या खाण्याचं धान्य वेगळ्या छोट्या डब्यात काढून ठेवा. मोठा ड्रम सारखा उघडलात तर सगळी मेहनत वाया.

"पण हे करणार कोण?"

सभेत एका ताईने उभं राहून विचारलं, आणि तिचा प्रश्न मी मुद्दाम छापतेय. "मॅडम, गोळी दहा रुपयांत काम करते. तुमचं वाळवणं, चाळणं, तेल लावणं करायला चार दिवस जातात. रोजगार बुडवायचा का?"

प्रश्न खरा आहे. मी गप्प बसले. उत्तर शेजारच्या गावच्या मावशींनी दिलं. त्यांच्या समूहातल्या दहा जणींनी गेल्या वर्षी सावड केली. दोन दिवसांत दहा घरांचं धान्य वाळवून, चाळून, तेल लावून भरलं. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. एकटीचे चार दिवस वाचले, गप्पाही झाल्या. चाळणी एकच, ताडपत्री एकच, आणि ती समूहाच्या बचतीतून घेतलेली. आपल्या शेतात सावड चालते, मग अंगणात का नाही?

आणि मी एवढंच म्हणते, घरातल्या पुरुषांनाही या कामात घ्या. पोती उचलणं, फळ्या मांडणं, उन्हात पसरणं हे बायकांचंच काम आहे असं कुठे लिहिलेलं नाही. गोळी बहुतेक घरांत पुरुषच आणतात. त्यांनाही हा अंक वाचून दाखवा.

सभेच्या शेवटी सगळ्यांनी हात वर करून चार गोष्टी ठरवल्या. तुमच्या समूहाच्या पुढच्या बैठकीत त्या मांडा आणि ठराव वहीत लिहा.

1. आपल्या समूहातल्या एकाही सदस्याच्या घरात धान्याची गोळी येणार नाही. आधीची असेल तर या महिन्यात कृषी सहायकांना विचारून बाहेर जाईल.

2. मृगाच्या आत सावड करून सगळ्यांचं धान्य वाळवून भरलं जाईल. एकट्या राहणाऱ्या आजी आणि बाळंतिणीचं घर आधी.

3. हवाबंद पिशव्या लागतील त्या ग्रामसंघ एकत्र विकत घेईल, म्हणजे भाव कमी पडेल. ज्यांचं घर एका खोलीचं आहे त्यांच्यासाठी ग्रामसंघाच्या रिकाम्या खोलीत फळ्या टाकून धान्य ठेवायची सोय बघायची. तिथेही गोळी नाही.

4. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, बचतीच्या बैठकीच्या दिवशीच, प्रत्येकीने आपल्या खायच्या डब्यातलं मूठभर धान्य ताटात घेऊन बघायचं. भोक, पीठ, पांढरा ठिपका दिसला तर लगेच बैठकीत सांगायचं. लपवायचं नाही. किडा लागणं ही लाजेची गोष्ट नाही.

सभा संपल्यावर ती पुरचुंडीवाली काकू माझ्याजवळ आली. म्हणाली, "पोरी, ती गोळी मी सांजच्याला गोठ्याच्या माळ्यावर कुलपात ठेवते, उद्या साहेबांना फोन लावून दे." फोन लावून दिला. जाताना तिने माझ्या भावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. म्हणाली, "त्याला म्हणावं, पहिल्या पावसाला माझ्याकडे पुरणपोळी खायला ये. आमच्याच गव्हाची."

ताईंनो, या वर्षी पहिल्या पावसाला आपण सगळ्यांनी दारं उघडी ठेवून, निवांत झोपावं एवढंच माझं मागणं आहे.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक